काढलेलं हाड परत येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लेकाच्या डोक्यावरचा व्रण दिसला की लोक जरा घुटमळतात आणि मग विचारतातच, "तिथलं हाड काढलं ना? मग आता काय आहे तिथे, प्लेट?"

प्लेट नाही. तिथे त्याचं स्वतःचं हाड आहे, नव्याने आलेलं.

कवटीचा टाळूपासून मागे जाणारा सांधा त्याच्या जन्माआधीच जुळून गेला होता. कवटीचे सांधे असे वेळेआधी जुळणं साधारण 2,000 ते 2,500 बाळांमागे एकात आढळतं. मेंदू तर पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतो. मधला सांधा बंद असला की डोकं रुंद होऊ शकत नाही, लांबट होत जातं. तिसऱ्या महिन्यात दुर्बिणीने ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्या सांध्याची हाडाची पट्टी काढली आणि जागा तशीच मोकळी ठेवली. मग कित्येक महिने हेल्मेट, आंघोळीपुरतं काय ते काढायचं.

"एवढ्याशा जिवाला कशाला? थोडा मोठा होऊ द्या की," असं घरातलेही म्हणाले. मायेनेच म्हणाले. पण हाड भरून यायला हेच वय लागतं. मेंदूवर ड्यूरा नावाचं चिवट आवरण असतं आणि तान्ह्या बाळात ते हाड घडवायला मदत करतं. मेंदू वाढतो तसं ते ताणलं जातं, हाड तयार करणाऱ्या पेशींना चालना देणारी प्रथिनं त्यातून पाझरतात. मोकळ्या जागेत आधी हाडाचे लहान लहान ठिपके उमटतात, मग ते पसरून एकमेकांना मिळतात. वर्षाच्या आतल्या बाळात बरीच मोठी जागाही अशी भरून येते. दोन वर्षांनंतर ही ताकद ओसरत जाते आणि पोकळी राहिलीच तर कवटीच्या दुसऱ्या भागातलं हाड आणून लावायची वेळ येऊ शकते.

प्लेट लागते ती मोठ्या ऑपरेशनमध्ये, जिथे हाडाचे तुकडे नव्याने मांडतात. तीही बहुधा विरघळणारी असते. वाढत्या कवटीवर बाहेरून हाड चढतं आणि आतून झिजतं, त्यामुळे धातूची पट्टी हळूहळू आत सरकते.

हाड मऊ होतं तोवर मला त्याच्या डोक्याला हात लावायची धास्ती वाटायची. बोटांना ठोका जाणवायचा. टाळूवरही तो जाणवतोच, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मात्र हाड फार लवकर येऊन पुन्हा जुळलं तर मेंदूला जागा कमी पडू शकते. म्हणून प्रत्येक तपासणीला टेपने डोक्याचा घेर मोजतात, डोळ्यांच्या नसा पाहतात. व्रण केसांत झाकला गेला तरी या फेऱ्या चुकवू नका. आणि बाळाचं डोकं लांबट दिसत असेल, मधोमध हाताला कड लागत असेल, तर मालिशने गोल होईल म्हणून वाट पाहू नका. बाळंतपणात दबलेलं डोकं काही आठवड्यांत सावरतं. नाही सावरलं, तर तीन महिन्यांच्या आत बालरोगतज्ज्ञांना दाखवा.