हाताचा अभ्यास, महिना सातवा : पालथा आणि उताणा

या महिन्यात ओंजळ जमली.

सहा महिने मी रविवारी सकाळी नाशिकला रामकुंडाच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसते आहे आणि अर्घ्य देणारी माणसं रेखाटते आहे. बोटं बरी यायची, खांदा बरा यायचा, प्रमाणही पेन्सिलीने मोजून घेतलेलं असायचं. तरी पंजे मनगटावर आणून चिकटवल्यासारखे दिसायचे. चूक पंजात नव्हती, कोपर आणि मनगटाच्या मध्ये होती. तो भाग मी एकसंध नळीसारखा काढायचे आणि टोकाला हवा तसा वळवलेला पंजा बसवायचे. पण पंजा मनगटात असा फिरतच नाही. मनगट पुढेमागे झुकतं, कडेला कलतं, बस. पालथा-उताणा होतो तो कोपराखालचा अख्खा हात.

पंजातली २७ हाडं मी पाठ केली होती. अडवलं ते कोपराखालच्या दोनच हाडांनी.

करंगळीच्या बाजूचं हाड म्हणजे अल्ना, अंगठ्याच्या बाजूचं रेडिअस. अल्ना कोपराशी जाड आणि मनगटाकडे निमुळती, रेडिअसचं बरोबर उलट. तळहात उताणा असताना दोन्ही शेजारीशेजारी असतात. पालथा केला की रेडिअस अल्नाला ओलांडून जाते आणि दोघींची फुली होते. अल्ना जवळजवळ जागची हलत नाही. हे वाचून कळलं, पण हातात उतरलं नाही, म्हणून मॉडेल केलं.

बुरुडाकडून बांबूच्या दोन जाड कामट्या आणल्या. पहिल्या खेपेला दोन्ही कामट्या पंजाच्या लाकडी ठोकळ्याला खिळ्यांनी जोडल्या. फिरवायला गेले तर एक कामटी उभी चिरली. मग पुन्हा चित्रं उघडली. मनगटाची लहान हाडं खरी टेकतात ती रेडिअसवर. अल्ना आणि त्यांच्यामध्ये कूर्चेची चकती असते. म्हणजे पंजा रेडिअसबरोबर प्रवास करतो. दुसऱ्या खेपेला ठोकळा फक्त रेडिअसला जोडला. वरच्या टोकाला रेडिअसचं गोल डोकं एका कंकणासारख्या अस्थिबंधात बसून जागच्या जागी फिरतं, तिथे किल्ल्यांच्या जुडग्याची कडी लावली. तरी कामट्या मध्येच एकमेकींवर अडकायच्या. रेडिअस सरळ नसते, बाहेरच्या बाजूला किंचित धनुष्यासारखी वाकलेली असते. तिला ओलांडायला जागा मिळते ती त्या बाकामुळे. कामटी वाफेवर धरून वाकवली आणि हात सुळकन फिरला. त्या रात्री मी तो किती वेळा फिरवला असेल! (हे हाड मोडलं तर तो बाक जसाच्या तसा सांधावा लागतो, नाहीतर हात पुरता फिरत नाही.)

मग स्नायू, म्हणजे शिवणाचं इलॅस्टिक. बायसेप्सचं मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. तो हात वाकवतो एवढंच मी धरून चालले होते. पण त्याचं खालचं टोक अल्नाला लागतच नाही. ते रेडिअसच्या आतल्या बाजूच्या उंचवट्याला लागतं. हात पालथा केला की तो उंचवटा मागे फिरतो आणि बायसेप्सचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडाभोवती गुंडाळला जातो, भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा. ओढला की भोवरा फिरतो, हात उताणा होतो. लिओनार्दो दा विंचीने १५१०च्या सुमारास विच्छेदनं करून हेच चित्रांत मांडलं होतं. नुसतं वाकवायचं काम बायसेप्सच्या खाली दडलेला ब्रॅकिअॅलिस करतो. तो अल्नाला लागतो, त्यामुळे हात पालथा असो की उताणा, त्याला फरक पडत नाही.

सातपूरला आमच्या कारखान्यात एक फिटर काका आहेत. त्यांना काम करताना बघायची परवानगी मागितली.

“काय गं, माझा हात कशाला काढतेस?”

“काका, स्क्रू आवळताना तुम्ही कोपर काटकोनात का आणता?”

“सरळ हाताने जोर लागत नाही. आणि घट्ट बसलेला सोडवायचा तर मी डावा लावतो.”

उजव्या हाताने आवळणं म्हणजे पालथ्याकडून उताण्याकडे जाणं, आणि तिथे बायसेप्स मदतीला येतो. सोडवताना दिशा उलटी, म्हणून काका हात बदलतात. कोपर वाकलेलं असलं की बायसेप्सला फिरवायला जोर चांगला मिळतो. ज्ञान त्यांच्या हातात होतंच, मला फक्त नावं माहीत होती.

रेखाटणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाची खूण सांगते. कोपराच्या टोकापासून करंगळीकडच्या मनगटापर्यंत बोट फिरवा. सबंध वाटेवर कातडीखाली थेट हाड लागतं. ती अल्नाची धार. तिच्या एका बाजूला बोटं मिटणारे स्नायू, दुसऱ्या बाजूला उघडणारे. आता मी आधी ही धार काढते, मग बाकीचं. मात्र तपासताना कोपर टेबलावर टेकवून काटकोनात ठेवा. हात सरळ असला तर खांदाही फिरतो आणि कोण किती फिरलं ते कळत नाही.

ओंजळीत दोन्ही हात पूर्ण उताणे असतात, दोन्ही धारा आतल्या बाजूला एकमेकींकडे येतात आणि करंगळ्या चिकटतात. कोपरं बरगड्यांजवळ येतात ती याचमुळे. पाणी सोडून नमस्कार केला की दोन्ही हात मधल्या स्थितीत येतात आणि धारा खाली वळतात. शेजारी कुणी ओलं धोतर पिळत असेल तर एक हात पालथ्याकडे, दुसरा उताण्याकडे, आणि कोपराखालचे सगळे स्नायू दोरासारखे उठलेले. घाटावर दहा मिनिटांत हे सगळं समोरून जातं.

मॉडेलवर शाडू चढवून पाहिला. सांगाडा हलता असल्यामुळे वाळताना तडे गेले, आता प्लॅस्टिसिन वापरते आहे.

मनगटाच्या मधोमध दिसणारी दोरी काढायच्या आधी समोरच्या माणसाला अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवायला सांगा. ती दोरी एका स्नायूचा कंडरा असते आणि काहींना तो स्नायू जन्मतःच नसतो. माझ्या डाव्या हातात नाही, उजव्यात आहे.

गेल्या रविवारची एकतीस रेखाटनं झाली. त्यांतल्या बारा ओंजळींत पंजा हाताचाच वाटतो. अजून अडतं ते अंगठ्याच्या बाजूला कोपराच्या वरून सुरू होणाऱ्या स्नायूंच्या फुगीर गठ्ठ्यावर, कारण हात फिरला की तोही पीळ घेतो. पुढचे चार बुधवार गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात बसणार आहे. तिथे तराजू धरलेले, पिशवी पुढे केलेले, पैसे मोजणारे हात सतत दिसतात. तुमच्यापैकी कुणी हा गठ्ठा पालथ्या हातात नीट बसवला असेल तर सुरुवात कुठल्या रेषेपासून करता ते सांगा.