नळ आठ दिवसांनी आणि डासही आठ दिवसांनी

मी लातूर जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेवक आहे. ऑगस्टमध्ये आमच्या एका गल्लीतले दोन पेशंट डेंग्यू पॉझिटिव्ह आले म्हणून आशाताईंना घेऊन कंटेनर सर्वेला, म्हणजे घरोघरी साठवलेल्या पाण्यात अळ्या शोधायला निघालो. गल्लीत शिरलो की पहिला प्रश्न ठरलेला, धूर कधी मारणार? धुराने फक्त उडते डास मरतात हो, टिपाडातल्या अळीला काहीच होत नाही, ती दोन-चार दिवसांत डास होऊन बाहेर पडते, हे दर घरी सांगावं लागतं आणि मी सांगतो.

एका घरी म्हाताऱ्या मावशी होत्या. अंगणात टिपाडं, रांजण, घागरी, बहुतेक सगळं पाण्याने भरलेलं. टॉर्च मारला तर एका टिपाडात अळ्याच अळ्या, उजेड पडला की वळवळत तळाला जातात आणि जरा वेळाने श्वास घ्यायला परत वर. वाटीत काढून दाखवल्या. म्हटलं मावशी, पाणी ओतावं लागंल. तर म्हणाल्या, "ओतू म्हनतूस? नळ परत कवा येनार ते सांग की आधी!"

बरोबरच होतं त्यांचं. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणजे पाणी नेमकं डासाला पुरेल एवढंच साठून राहतं. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा हे भिंतीवर लिहायला सोपं आहे, पण ज्या बाईने रात्री दोनला उठून पाणी भरलंय तिला ते ओतून दे म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि नुसतं ओतून भागतही नाही. मावशी म्हणाल्या नळाच्या दर पाळीला टिपाड रिकामं करतोच की आम्ही. मी आतून पाण्याच्या रेषेच्या जरा वर बोट फिरवलं, बारीक काळे ठिपके चिकटलेले, ती अंडी. कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. ती घासल्याशिवाय निघत नाहीत.

हे बोलत असताना आत खाटेवर नातू झोपलेला दिसला. ताप कालच उतरला म्हणून घरचे निवांत होते, पण पोरगं पोट धरून पडलेलं आणि सकाळपासून उलट्या. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात, हे लोकांना माहीतच नसतं. तापाला काय दिलं विचारलं तर नशीब, नुसतं पॅरासिटामॉल. दुखण्याच्या इतर गोळ्या दिल्या की रक्तस्रावाची भीती वाढते. लगेच १०८ ला फोन लावला, ग्रामीण रुग्णालयात सलाइन लागलं आणि पोरगं बरं होऊन घरी आलं. पण गाडी यायला जो वेळ गेला तो मला फार मोठा वाटला.

त्याला पाठवून मी आणि आशाताई परत टिपाडाकडे आलो. मावशींची जुनी सुती साडी दुहेरी करून रिकाम्या टिपाडाच्या तोंडावर बांधली आणि पाणी गाळून त्यात घेतलं, साडीत राहिलेल्या अळ्या गटारात न टाकता कोरड्या मातीवर झटकल्या. मग पहिलं टिपाड काथ्याने कडेकडेने खसाखसा घासलं, धुतलेलं पाणी लांब मातीत ओतलं, टिपाड उन्हात पालथं. दुसऱ्याच्या तोंडाला तीच साडी सुतळीने गच्च बांधली. धुवायला गेलं तेवढंच पाणी गेलं. शेजारच्या बाया बघत होत्या, त्यातल्या दोघी तिथूनच काथ्या घेऊन घरी गेल्या.

अजून एक सांगतो, तापाच्या माणसाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. हा डास दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि संध्याकाळच्या आधी, आणि पेशंटला चावला की काही दिवसांनी शेजाऱ्याला डेंग्यू द्यायला मोकळा.

पलीकडच्या घरचा सिमेंटचा हौद मात्र ना गाळता येतो ना झाकता येतो. त्यात आरोग्य केंद्राच्या टाकीतले, अळ्या खाणारे गप्पी मासे आणून सोडलेत. घरच्यांना एवढंच सांगितलंय, हौद धुवायचा असंल तर आधी मासे घागरीत काढून ठेवा.