लोकलमधून दादरला उतरता येतं

बुकिंग केलं तेव्हा २०२१ चा सप्टेंबर होता आणि सगळं आटोक्यात आल्यासारखं वाटत होतं. दुसरी लाट ओसरलेली, घरातल्या सगळ्यांचे दोन डोस झालेले, लोकलचा पासही पुन्हा मिळू लागलेला. त्यात मुंबईहून गोवा, दीव, लक्षद्वीपला क्रूझ सुरू झाल्याच्या जाहिराती आल्या, त्याही आयआरसीटीसीच्या नावाने. रेल्वेवाले तिकीट देतायत म्हटल्यावर बाबांना दुसरी खातरजमा नको होती. आई-बाबांच्या लग्नाला २०२२ च्या जानेवारीत पन्नास वर्षं होणार होती. हॉल घेऊन दोनशे पानं उठवण्यापेक्षा घरच्या घरी मुंबई-गोवा-मुंबई करू, असं मी आणि धाकट्या बहिणीने ठरवलं आणि आमच्या डोंबिवलीतल्याच एका ट्रॅव्हलवाल्याकडे पैसे भरून टाकले. जानेवारीच्या अखेरची तारीख मिळाली.

बाबांना क्रूझचं वेड नाही. कॅसिनो, स्विमिंग पूल, रात्रीचे शो याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांना हवी आहे बोट. त्यांचं गाव विजयदुर्गाजवळचं. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडायची, डेकवर सतरंजी अंथरून जागा धरायची, बंदर आलं की बोट बाहेरच उभी राहणार आणि पडावातून किनाऱ्याला यायचं. हे सगळं त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की आम्हा बहिणींना न गेलेल्या बोटीतला वाससुद्धा ठाऊक आहे. ‘रामदास’ बुडाली ती १९४७ च्या जुलैत, बाबा तेव्हा जेमतेम दीड वर्षाचे. पण कोकणातल्या माणसाने त्यामुळे बोटीत बसणं सोडलं नाही, दुसरा रस्ता होता कुठे? २०१९ मध्ये ‘कर्णिका’ ही क्रूझ मुंबईत आली तेव्हाही बाबा मागे लागले होते. आपण पुढच्या वर्षी जाऊ म्हणालो, आणि पुढच्या वर्षी कोविड आला. ती कंपनी बंद पडली आणि ‘कर्णिका’ अलंगला भंगारात गेली. हे ते मला अजून ऐकवतात.

आईचं म्हणाल तर ती घाटावरची. तिला पनवेलच्या पुढे एसटीसुद्धा लागते.

डिसेंबरच्या सुरुवातीला कोरोनाचा नवा प्रकार, ओमायक्रॉन आला. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण आमच्या डोंबिवलीचा निघाला, आणि तोही जहाजावरचा मरीन इंजिनिअर, दक्षिण आफ्रिकेहून परतलेला. बाबांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तो विमानाने आला ना?” यावर काय बोलणार.

मग नव्या वर्षाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गोव्याची बातमी आली. मुंबईहून निघालेली ‘कॉर्डेलिया’, म्हणजे त्या जाहिरातींतलीच क्रूझ, मुरगाव बंदरात उभी, आधी एक कर्मचारी पॉझिटिव्ह, मग जवळजवळ दोन हजार जणांच्या चाचण्या आणि त्यात ६६ जण पॉझिटिव्ह. गोवा सरकारने बाकीच्यांनाही उतरू दिलं नाही. जहाज बहुतेकांना घेऊन मुंबईला परत आलं, इथे पुन्हा सगळ्यांच्या चाचण्या झाल्या आणि आकडा दोनशेच्या वर गेला. हे सगळे लोक दोन डोस घेतलेले आणि निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून चढलेले होते.

बहिणीचा त्याच रात्री फोन. तिचं म्हणणं जायला हरकत नाही, आणि तिचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मी सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसते. समोरचा माणूस मास्क हनुवटीला लावून नोटा मोजायला थुंकी लावतो, त्या नोटा मी हातात घेते. सकाळच्या फास्ट लोकलला डोंबिवलीला चढणं म्हणजे काय ते डोंबिवलीकराला सांगायला नको. ७ जानेवारीला एकट्या मुंबईत वीस हजार नऊशेच्या वर रुग्ण सापडले. आमच्या शाखेतला निम्मा स्टाफ घरी. बहीण म्हणते, “ताई, तू रोज ज्यातून जातेस त्यापेक्षा बोटीवर वाईट काय असणार? तिथे निदान सगळ्यांची टेस्ट केलेली असते.”

लागण होण्याच्या शक्यतेचाच हिशेब करायचा, तर ती कदाचित बरोबर असेल. मी मात्र तो हिशेब बाजूला ठेवून २०२० मधली ‘डायमंड प्रिन्सेस’ पुन्हा वाचून काढली. जपानमध्ये योकोहामाला फेब्रुवारीभर अडकून पडलेलं ते जहाज आपल्यातल्या बहुतेकांना आठवत असेल, कारण तेव्हा कोरोना हा शब्दसुद्धा नवा होता. जहाजावर ३,७११ माणसं. हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी पॉझिटिव्ह निघाला आणि ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये बसवलं, काहींच्या केबिनला खिडकीसुद्धा नाही. शेवटी ७१२ जणांना लागण झाली. यात माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट म्हणजे कर्मचारी. प्रवासी दार लावून बसले, पण त्यांच्या दाराशी जेवणाचे ट्रे पोचवायला कोणीतरी हवंच की! एक हजारावर कर्मचारी कामावर राहिले, एकत्र जेवले, एका खोलीत दोघं-दोघं झोपले. त्यात १३२ आपले भारतीय. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ जण दिल्लीला आले आणि तिथून मानेसरला विलगीकरणात गेले.

त्याच दिवसांतली ‘वेस्टरडॅम’ची गोष्ट कमी लोकांना आठवते. मला तीच जास्त बोलकी वाटते. त्या जहाजावर एकही रुग्ण नक्की झालेला नव्हता. तरी जपान, तैवान, फिलिपिन्स, थायलंड, ग्वाम, सगळ्यांनी दार लावलं. जहाज समुद्रात फिरत राहिलं आणि शेवटी कंबोडियाने सिहानूकविलला घेतलं. ही रीत जुनीच म्हणा. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग निघाला तेव्हा मुंबईहून येणाऱ्या बोटींकडे युरोपातली बंदरं अशाच संशयाने बघत होती. संशय आला की बंदर आधी स्वतःचा विचार करतं, आणि गोव्यानेही तेच केलं. त्यात त्यांचं काय चुकलं? आपल्या सोसायटीने २०२० मध्ये मोलकरणींना गेटवर अडवलंच होतं.

मग मी बहिणीला म्हटलं, लोकलमध्ये मला शंका आली तर मी दादरला उतरते. लागण झालीच तर (तेव्हाच्या नियमाने) सात दिवस घरी राहायचं, खालच्या मजल्यावर डॉक्टर, समोर मेडिकल. बोटीवर मला काही झालं नाही तरी दुसऱ्या मजल्यावरच्या अनोळखी माणसाच्या रिपोर्टवर माझ्या आई-बाबांनी कुठे उतरायचं, कधी उतरायचं, इन्सुलिन कुठून आणायचं हे ठरणार. आणि ते ठरवणारी माणसं बोटीवर नसतातच, ती मंत्रालयात किंवा पोर्टच्या ऑफिसात.

ती म्हणाली, “तू बँकेत आहेस म्हणून तुला सगळीकडे थकबाकीच दिसते.”

तरी नुसत्या भीतीवर निर्णय नको म्हणून माहिती काढली. माझ्या मावसभावाचा मुलगा वेंगुर्ल्याचा, परदेशी क्रूझवर हाउसकीपिंगला असतो. २०२० मध्ये जहाज इटलीच्या किनाऱ्याला नांगर टाकून होतं, प्रवासी कधीच घरी गेलेले आणि ही पोरं रिकाम्या जहाजावर पितळ घासत बसलेली. मे महिन्यात चार्टर विमानाने दाबोळीला पोचला. आता परत जॉइन झालाय, कारण घराचे हप्ते थांबत नाहीत. त्याला व्हॉट्सॲपवर विचारलं. त्याचं उत्तर चार व्हॉइस मेसेजमध्ये आलं, मागे कुठल्यातरी मशीनची घरघर.

“आत्या, बाल्कनीची केबिन असेल तरच ये. आतली घेतलीस आणि दार बंद करायला लावलं तर आजी वेडी होईल. बुफेला गर्दीत जाऊ नको. आणि पैसे भरायच्या आधी विचार, चढताना पॉझिटिव्ह निघालं तर पैसे परत का, मध्येच निघालं तर ठेवणार कुठे, बंदरात उतरवलं तर हॉटेलचं बिल कोणाचं. डॉक्टर असतो, पण ते हॉस्पिटल नसतं. हार्टचा माणूस असेल तर तो काय करणार, हेलिकॉप्टर बोलावणार.”

बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. आईला मधुमेह.

हेच प्रश्न मी कागदावर लिहून ट्रॅव्हलवाल्याकडे गेले. माणूस सरळ आहे, उगाच गोड बोलला नाही. चढताना पॉझिटिव्ह असाल तर पुढची तारीख, हे त्याने ठामपणे सांगितलं. त्यापुढच्या प्रत्येक प्रश्नाला मात्र उत्तर एकच, “मॅडम, ते त्यावेळच्या नियमांवर आहे.” तो खोटं बोलत नव्हता. गोव्याला अडकलेल्या लोकांनाही त्यावेळचे नियमच लागू झाले, फक्त ते मुरगावला पोचेपर्यंत कोणालाच माहीत नव्हते. आमच्या मेडिक्लेममध्ये समुद्रातून उचलून आणायचा खर्च बसत नाही, हे मी ऑफिसातच पॉलिसी उघडून बघितलं. ३० डिसेंबरला अमेरिकेच्या सीडीसीनेही, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने, सांगून टाकलं होतं की लस घेतलेल्यांनीसुद्धा सध्या क्रूझला जाऊ नये. तिथल्या क्रूझ कंपन्या नाराज झाल्या असतील, पण हा धंद्याचा प्रश्न नाही, माझ्या आईच्या साखरेचा आहे.

आणि एक साधी तारखेची गोष्ट. १० जानेवारीपासून साठीच्या पुढच्या सहव्याधी असलेल्यांना प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, मिळणार होता, पण दुसऱ्या डोसला नऊ महिने झाल्यावर. आई-बाबांचा दुसरा डोस एप्रिलच्या शेवटी झालेला. म्हणजे नऊ महिने नेमके बोट सुटणार त्या आठवड्यात भरणार होते. आज डोस घेतला आणि उद्या अंगात ताकद आली असंही नसतं, त्यालाही आठ-पंधरा दिवस द्यावे लागतात. फेब्रुवारीची बोट असती तर मी कदाचित इतकी अडून बसले नसते. निगेटिव्ह रिपोर्टचंही तसंच. परवा निगेटिव्ह होता याचा अर्थ परवा निगेटिव्ह होता, एवढाच. घरी कोविसेल्फची, म्हणजे घरच्या घरी चाचणी करायची किट आणून ठेवली होती, तेव्हा अडीचशे रुपयाला एक, ती मी पुण्याच्या कंपनीची म्हणून कौतुकाने आणली. पण ती समुद्राच्या मध्यावर पॉझिटिव्ह दाखवून करणार काय?

बाबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. एरवी ते माझ्याशी प्रमाण मराठीत बोलतात, चिडले की मालवणीत. “माका काय्येक होवचा नाय,” म्हणाले, आणि मग थोडं थांबून, “आता माझे जानेवारी रवले किती?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाला ‘पुढच्या वर्षी’ म्हणणं सोपं नसतं, त्यातून ‘कर्णिका’चा अनुभव गाठीशी. माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा त्यांचं हे एक वाक्य जड आहे, हे मला कळतं. फक्त त्यांच्याबरोबर आईही जाणार आहे, आणि पन्नास वर्षांत तिने कुठे जायचं हे तिला फारसं कोणी विचारलेलं नाही. म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, “मला तर सप्टेंबरपासूनच नको होतं. तुम्ही दोघी एवढ्या उत्साहात होतात, म्हटलं कशाला मोडता घाला.” मग बाबांकडे वळून, “अहो, तुम्हाला समुद्रच बघायचा आहे ना, मग त्यासाठी अकरा मजल्यांचं हॉटेल कशाला लागतं?”

बाबांच्या आठवणीतली बोट आणि ही बोट यांत फरकही आहेच. तिथे उघडा डेक, रात्रभर अंगावर वारा आणि खारे शिंतोडे. इथे बंद कॉरिडॉर, एसी, लिफ्ट, थिएटर. या आजारात हवा खेळती असणं किती महत्त्वाचं आहे हे दोन वर्षांत आपण सगळेच शिकलो. जुन्या बोटीवर माणसं एकमेकांच्या पायाशी झोपायची, तरी डोक्यावर आभाळ होतं.

तर तारीख पुढे ढकलली आहे. नोव्हेंबरचं बघू म्हणून ट्रॅव्हलवाल्याने नाव टाकलंय, जागा मिळाली तर बाल्कनीची, वरचे पैसे आम्ही दोघी बहिणी अर्धे-अर्धे घालणार. तोवर एखाद्या साध्या वारी, गर्दी नसताना, बाबांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रोरो बोटीला बसवायचं मनात आहे. ती २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि आठवड्याभरात लॉकडाउन लागला, त्यामुळे आमच्यापैकी कोणीच अजून गेलेलं नाही. तासाभराचा प्रवास, वर मोकळा डेक, आणि पलीकडे उतरून अलिबागला जेवून परत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “ती गाड्या न्यायची तर. ती काय बोट?” पण धक्क्यावर पार्किंग असतं का, हे काल त्यांनीच जावयाला विचारलं असं ऐकते.

लग्नाचा वाढदिवस घरीच. रात्रीची जमावबंदी लागलेली, त्यामुळे दुपारचं जेवण, घरचेच आठ-दहा जण, खिडक्या सताड उघड्या. बेत आईने एकटीने ठरवला आहे. बाबांनी सुरमई सुचवून पाहिली, पण त्या दिवशी पुरणपोळी आहे.