चुडा रुतायला लागला तेव्हा

सातव्या महिन्यात माहेरी ओटी भरली. त्या दिवशी कासारकाकांनी हातात हिरवा चुडा भरला, मनगटावर सैल फिरेल असा. तीन आठवड्यांनी त्याच बांगड्या हातात रुतायला लागल्या. सकाळी उठलं की मनगटावर लाल वळ दिसायचे.

पायाला सूज तर होतीच. आई म्हणायची, "पहिलटकरणीचे पाय सुजतातच." आत्याने अळणी जेवण सुरू करायला लावलं. मीही मान डोलावली, कारण पायाची सूज खरोखरच बऱ्याच जणींना येते आणि रात्री पाय वर घेऊन झोपलं की उतरते. माझी उतरत नव्हती. सकाळी तोंड भरलेलं, पापण्या जड, अंगठी निघत नव्हती. एका आठवड्यात वजन दोन किलोंनी वाढलं, तर घरात सगळ्यांना आनंदच झाला, बाळ पोसतंय म्हणून.

जवळच्या एका खाजगी दवाखान्यात बीपी 144/94 आलं होतं. तिथे सांगितलं, "चालत आलात म्हणून वाढलंय." चालून आल्यावर बीपी वाढतं, हे खरं आहे. पण मग पाच-दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजायचं असतं आणि लघवी तपासायची असते. दोन्ही झालं नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही, याची हळहळ अजून वाटते.

पकडलं ते आशाताईंनी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते, त्याची आठवण करायला त्या आल्या होत्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "या बांगड्या कधीपासून घट्ट झाल्या?" बीपीचं विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतः ग्रामीण रुग्णालयात नेलं. तेहतिसावा आठवडा होता. बीपी 150/100. बसवून ठेवून पुन्हा मोजलं, तेवढंच. लघवीत पट्टी बुडवली तर प्रथिनं 'दोन प्लस'. डॉक्टर मॅडमनी कार्डावर लाल पेनाने 'प्री-एक्लॅम्पसिया', म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रथिनं जाण्याचा आजार, असं लिहिलं आणि 108 च्या गाडीने जिल्ह्याच्या गावी पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांनी आईला समोर बसवून समजावलं. हा आजार वारेतून सुरू होतो. वारेच्या रक्तवाहिन्या नीट तयार झालेल्या नसल्या की त्याचा परिणाम आईच्या सगळ्या अंगावर होतो, मूत्रपिंड, यकृत, मेंदू, सगळीकडे. गोळ्या बीपी धरून ठेवतात, बाळाला थोडे दिवस मिळवून देतात, पण वार बाहेर पडल्याशिवाय आजार हटत नाही. मीठ तोडून उपयोग नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आत्याला ते काही पटलं नाही.

बीपीसाठी लॅबेटॅलॉलच्या गोळ्या सुरू झाल्या. बाळाची फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून दर बारा तासांनी एक, अशी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं दिली. दर चार तासांनी बीपी, दिवसाआड रक्त, रोज बाळाचे ठोके. सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर रात्री दोन वाजतासुद्धा हाक मारायची."

सहाव्या रात्री दीडला मी हाक मारली. आधी बरगडीखाली कळ आली. संध्याकाळी उसळ खाल्ली होती, पित्त असेल म्हणून अर्धा तास तशीच पडून राहिले. आई तर अ‍ॅसिडिटीची गोळी शोधत होती. मग डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. हा वाक्प्रचार आयुष्यभर वापरला होता, त्या रात्री तो खरोखर डोळ्यांपुढे दिसला. बीपी 170/112. रक्त पाठवलं, तर 1 लाख 60 हजारांवर असलेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 92 हजारांवर आलेल्या.

पुढचा तासभर खोलीत पाच-सहा माणसं होती. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं, आधी शिरेतून सावकाश, मग दोन्ही कुल्ल्यांत. शिरेतून जाताना अंगभर वाफ पसरावी तशी आग झाली, घसा कोरडा पडला. कुल्ल्यातली सुई फार दुखते, हे आधीच कळलेलं बरं. मग लघवीची नळी घातली. पुढचा डोस देण्याआधी सिस्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतोय का बघायच्या, श्वास मोजायच्या, लघवी किती झाली ते लिहायच्या. औषध अंगात जास्त साचलं तर आधी गुडघा उडायचा थांबतो, मग श्वास मंदावतो. त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन उशाशी तयार ठेवलेलं होतं. आपल्यासाठी कोणीतरी इतकं बारीक लक्ष ठेवतंय, या जाणिवेने मला त्या रात्री मोठा धीर आला.

सिझर करायचं ठरलं आणि चुडा काढायची वेळ आली. साबण लावला, तेल लावलं, बांगडी हलेना. आजीला बाहेरून बोलावलं, कारण भरल्या ओटीचा हिरवा चुडा काढायला आई धजत नव्हती. आजी आली, माझ्या हाताकडे बघितलं आणि सिस्टरना म्हणाली, "वाढवा बाई, पोर महत्त्वाची." सिस्टरनी मनगटाभोवती गॉज गुंडाळून एकेक बांगडी अलगद वाढवली. काचा आजीने पदरात गोळा केल्या.

पहाटे मुलगी झाली. 1 किलो 820 ग्रॅम. नऊ दिवस नवजात विभागात होती. नळीने दूध, मग वाटी-चमचा, आणि रोज तासन् तास छातीशी कातडीला कातडी लावून धरणं.

बाळंत झालं म्हणजे सुटलं, असं घरच्यांनी धरलं होतं. डॉक्टरांनी मात्र मॅग्नेशियम बाळंतपणानंतरही 24 तास चालू ठेवलं. चौथ्या दिवशी बीपी पुन्हा 160/104 झालं. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत ते असं उसळी घेतं आणि झटके तेव्हाही येऊ शकतात. घरी जाण्याच्या घाईत असलेल्या मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गोळी बदलली, मुक्काम वाढला.

घरी येताना ह्यांनी दंडाला बांधायचं बीपीचं मशीन आणलं. मनगटाचं घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीवर ठेवून मोजायचं. आकडे आई दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून लिहायची. पाचव्या आठवड्यापासून गोळी कमी करत आणली, सातव्यात बंद झाली. तीन महिन्यांनी लघवी तपासली, प्रथिनं नव्हती.

फाइल मी जपून ठेवली आहे. पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत ती दाखवायची आहे, म्हणजे हा आजार पुन्हा होण्याचा धोका कमी करायला बाराव्या आठवड्यापासून रोज कमी डोसची अ‍ॅस्पिरीन सुरू करता येईल. बीपी वर्षातून एकदा तरी बघायचंच, कारण हा आजार होऊन गेलेल्या बायकांना पुढे रक्तदाब आणि हृदयाचा धोका जास्त असतो. आईनेही आता स्वतःचं मोजायला सुरुवात केली. वहीत तिचे आकडे माझ्या आकड्यांच्या खाली आहेत, आणि तिला गोळी लागली आहे.