काळी एक, पांढरी एक

चेक संगीतकार द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीतलं लार्गो, म्हणजे तिचा संथ भाग, मुळात काळी एकमध्ये आहे. पियानो शिकणाऱ्या नवशिक्यांच्या पुस्तकात ते पांढरी एकवर आणून ठेवलेलं असतं. डाव्या हाताला तालाच्या दर मापाला एखाददुसरा सूर. सगळा वाद्यवृंद दोन पानांत बसवायचा म्हणजे एवढं होणारच. त्याची लाज वाटायचं कारण नाही. ग्रामोफोन येण्याआधी युरोपातली घरंच्या घरं सिंफन्या ऐकायची ती पियानोवरच, एका बाकावर दोघांनी बसून.

धून अगदी साधी. ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. मी पहिल्यांदा वाजवली तेव्हा आईने आतून विचारलं, "भूप घेतलायस का?" सूर भूप रागाचेच, चाल मात्र भूपाची नाही. त्यात पुढच्या ओळीत ध सां सां, नी प ध असं येतं आणि निषाद लागला की भूप संपला. आईने तेवढ्यापुरती नापसंती कळवली. 1893च्या डिसेंबरात न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हे पहिल्यांदा वाजलं, तेव्हा श्रोत्यांना वर्ज्य स्वरांची चिंता नसावी.

सोपं करताना सूर फारसे गेलेले नाहीत. गेलाय तो श्वास. मूळ धून इंग्लिश हॉर्नवर आहे. ओबोच्या कुळातलं, सनईसारखंच पत्तीत फुंकून वाजवायचं वाद्य. खाली तंतुवाद्यं दबक्या आवाजात सूर धरून असतात आणि वाजवणारा एकेक स्वर हवा तसा फुलवतो, मिटवतो. पियानोवर स्वर एकदा वाजवला की तो विझायलाच लागतो. पेटीला मींड नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, म्हणून आपण नाकं मुरडतो, पण पेटीला निदान भाता तरी आहे! इथे पट्टी कितीही दाबून धरा, आतल्या तारेला त्याचं काही नसतं.

म्हणून ही संथ धून जलद तुकड्यापेक्षा अवघड जाते. जलद वाजवताना एक स्वर विझायच्या आत दुसरा येतो. इथे विझत आलेल्या 'प'च्या शेपटाला पुढचा 'ग' जोडायचा, तोही धक्का न देता. जोरात पडला तर ओळ तुटते, हळू पडला तर ऐकूच येत नाही. सूर लांबवणारं पायाखालचं पेडल दाबावं तर आधीचे सगळे सूर एकमेकांत कालवले जातात.

लार्गोच्या शेवटाकडे एक गंमत आहे. धून परत येते, या वेळी मोजक्या तंतुवाद्यांवर, आणि मध्येच थांबते. शांतता. पुन्हा थोडी पुढे सरकते, पुन्हा थांबते. हे थांबे द्वोर्झाकने स्वतः लिहिलेले आहेत. माझा डावा हात पट्ट्या शोधत असताना पडणाऱ्या खंडांना हा भक्कम आधार आहे, असं मी सरांना सांगून पाहिलं.

"अहो, ते शेवटी आहे," सर म्हणाले. "तुम्ही अजून पहिल्या ओळीत आहात."