गाठोडंवाले : आमची वाटचाल

‘गाठोडंवाले’ हे नाव आम्हाला आमच्या एका स्पर्धकाने ठेवलं. आम्ही सॉफ्टवेअरला लागणारं सगळं सोबत बांधून नेतो म्हणून. तेही ग्राहकासमोर, भर मीटिंगमध्ये, २०१७ साली. ती सल आजही गेलेली नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आम्ही कारखान्यांतल्या तपासणीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो. यंत्रांच्या नेटवर्कवर चालणारं, म्हणजे ज्या सर्व्हरला इंटरनेट माहीतच नसतं तिथे. २०१२ साली मी आणि माझा भागीदार, अशा दोघांनी कंपनी काढली. मी ग्राहक सांभाळायचो, कोड त्याचा. पायथॉन भाषा, पोस्टग्रेस डेटाबेस, आणि लायब्ऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, म्हणजेच पॅकेजं) लागतील तशा नेटवरून घ्यायच्या. तेव्हा सगळेच असं करत होते.

२०१३ च्या सप्टेंबरात पहिल्या मोठ्या ग्राहकाकडे सिस्टिम बसवायला गेलो. सर्व्हरवर सेंटओएस ६ ही लिनक्स सिस्टिम. तिथल्या देखभाल विभागाच्या साहेबांनी खटपट करून एका संध्याकाळपुरतं नेट मिळवून दिलं होतं. आमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आठ पॅकेजांची नावं होती, प्रत्येकासमोर नेमका व्हर्जन. आम्हाला वाटलं, झालं काम. पण त्या आठांच्या पाठोपाठ त्यांची त्यांची पॅकेजं येतात, आणि एकूण आकडा होता एकतीस. उरलेल्या तेवीसांना आम्ही कुठेच बांधून ठेवलेलं नव्हतं.

आधी कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) नाही म्हणून अडलं. मग पोस्टग्रेसचा दुवा बांधताना ‘पीजी-कॉन्फिग सापडत नाही’. मग एक्सएमएलच्या लायब्ररीला हेडर फाइली हव्या. ते सगळं निस्तरेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. शेवटी सगळी पॅकेजं चढली, आणि ॲप्लिकेशन उठेना. त्या तेवीसांपैकी एकाचा नवा व्हर्जन आदल्याच दिवशी आला होता आणि आम्ही वापरत असलेलं एक फंक्शन त्याने काढून टाकलं होतं. आमच्या ऑफिसातल्या मशीनवर जुना व्हर्जन होता, तिथे सगळं सुरळीत. मध्यरात्री नेट बंद झालं. आम्ही सर्व्हर तसाच सोडून परतलो.

भागीदाराने पुढचे दहा दिवस एकच काम केलं. पायथॉनची पॅकेजं चढवणाऱ्या पिपचा १.४ व्हर्जन त्याच वर्षी जुलैत आला होता आणि त्यात व्हील, म्हणजे आधीच कंपाइल करून ठेवलेलं पॅकेज, बांधायची सोय होती. त्याने एकतीसच्या एकतीस पॅकेजांची व्हीलं बांधून एका फोल्डरात ठेवली. सेंटओएस ६ सोबत पायथॉन २.६ येतो, आम्हाला २.७ हवा होता, म्हणून पायथॉनसुद्धा बांधून घेतला. इन्स्टॉल करताना पिपला ‘नो-इंडेक्स’ सांगायचं, म्हणजे ते बाहेर बघतच नाही, आणि ‘फाइंड-लिंक्स’ने आपल्या फोल्डरकडे बोट दाखवायचं. सगळं एका पेन ड्राइव्हवर मावलं.

दुसऱ्यांदा गेलो. पाच मिनिटांत इन्स्टॉल झालं. साहेब मागे उभे होते. ॲप्लिकेशन सुरू केलं आणि पडद्यावर एकच ओळ आली : जीलिबसी २.१४ सापडत नाही.

ज्यांनी ही ओळ पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी : जीलिबसी म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती मूळ लायब्ररी. भागीदाराचा लॅपटॉप नव्या लिनक्सवर होता. तिथे सी मधला कोड कंपाइल केला की मेमकॉपीसारखं साधं फंक्शनसुद्धा जीलिबसीच्या २.१४ ची मागणी करतं. सेंटओएस ६ वर जीलिबसी २.१२. व्हीलं अगदी बरोबर होती, फक्त चुकीच्या घरात बांधलेली होती.

ते तीन आठवडे मी विसरू शकत नाही. ग्राहक एकच, त्याचे पैसे अडकलेले, दोन मुलांचे दोन महिन्यांचे पगार थकलेले. कंपनी बंद करायची असं आमचं दोघांचं बोलणंही झालं होतं. साहेबांच्या वरिष्ठांनी दुसऱ्या कंपनीला बोलवायचं ठरवलं, तेव्हा साहेबांनी त्यांना सांगितलं, “ही मुलं काय चुकलं ते स्वतःहून सांगतात. अजून एकदा येऊ द्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अहो, या वेळी निघण्याआधी तुमच्या ऑफिसातच नेटची वायर काढून बघा.”

आम्ही तेच केलं. सेंटओएस ६ ची कोरी व्हर्च्युअल मशीन उभी केली, व्हीलं तिच्यावर बांधली, मग दुसरी कोरी मशीन घेतली, वायर काढली आणि पेन ड्राइव्हवरून बसवलं. चाललं. तिसऱ्या खेपेला ग्राहकाकडेही चाललं. ती वायर काढायची पद्धत आजही प्रत्येक रिलीजला पाळली जाते आणि ते काम मी स्वतः करतो.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना सांगतो, बिल्डची, म्हणजे सॉफ्टवेअर बांधायची, मशीन अगदी नव्या सिस्टिमची ठेवू नका. तुमच्या सगळ्यात जुन्या ग्राहकाकडे जी सिस्टिम आहे, तीच बिल्डला वापरा. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट चालत नाही. आणि लॉकफाइल (प्रत्येक पॅकेजाचा नेमका व्हर्जन लिहून ठेवणारी फाइल) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काय हवं ते लॉकफाइल सांगते, ते तुमच्या हातात आहे असं ती म्हणत नाही.

२२ मार्च २०१६ ला हे सगळ्या जगाला कळलं. लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतलं आणि बेबलसारख्या नावाजलेल्या साधनांवर उभे असलेले बिल्ड ठिकठिकाणी कोसळले. आमच्या पडद्यांचा भाग जावास्क्रिप्टमध्येच होता. आमचा बिल्ड त्या दिवशी दोनदा झाला, दोन्ही वेळा हिरवा, कारण पॅकेजं आमच्याच डिस्कवर होती. संध्याकाळी बातमी वाचली तेव्हा कुठे कळलं की बाहेर काहीतरी झालंय. गो भाषेनेही त्याच वर्षी, १.६ मध्ये, वेंडर फोल्डर, म्हणजे बाहेरची पॅकेजं आपल्याच कोडासोबत ठेवायची जागा, मुळातच चालू करून दिला. आम्ही काही जगावेगळं करत नव्हतो.

तरी २०१७ च्या त्या मीटिंगमध्ये स्पर्धकाने आमचा ३०० एमबीचा बंडल पडद्यावर दाखवला आणि स्वतःचा ४ एमबीचा इन्स्टॉलर त्याच्या शेजारी ठेवला. “हे गाठोडंवाले आहेत, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतात,” म्हणाले. लोक हसले. काम त्यांना मिळालं. ते ४ एमबी उरलेलं सगळं नेटवरून ओढणार आहेत, हे मी दोनदा सांगितलं, कोणी विचारात घेतलं नाही. आठ महिन्यांनी त्या ग्राहकाच्या नेटवर्क विभागाने बाहेरचे सगळे मार्ग बंद केले आणि त्यांचं अपडेट अडकलं ते अडकलंच. पुढच्या वर्षी त्यांच्या माहितीपत्रकात ‘ऑफलाइन इन्स्टॉलर, आमचं वैशिष्ट्य’ असं छापून आलं. आम्हाला कोणी फोनही केला नाही. त्याच आठवड्यात आम्ही आमच्या बिल्ड स्क्रिप्टचं नाव बदलून ‘गाठोडं’ ठेवलं. आजही तेच आहे.

भागीदार २०१८ मध्ये मोठ्या नोकरीत गेला. भांडण झालं नाही. मधली वर्षं बरी गेली, माणसं वाढली, पायथॉन ३ वर आलो.

त्या स्पर्धकाचा एक आक्षेप मात्र खरा होता आणि तो मी नाकारत नाही. गाठोड्यातलं पॅकेज आपोआप ताजं होत नाही. त्यात भोक निघालं तर बुजवायची जबाबदारी आपली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत मोठं सुरक्षेचं भोक सापडल्याचं प्रकरण आलं तेव्हा आमच्या अहवाल छापणाऱ्या जावा भागात तिची जार (जावाचं पॅकेज) फाइल होती, दुसऱ्या एका जारच्या पोटात. आमच्या प्रत्येक गाठोड्यासोबत यादी असते : नाव, व्हर्जन, कुठून घेतलं, एसएचए-२५६ ची बेरीज (फाइल बदललेली नाही ना, हे पडताळायचा आकडा) आणि लायसन्सचा मजकूर. (लायसन्सकडे दुर्लक्ष करू नका. एमआयटी, बीएसडीसारखं मोकळं लायसन्स असलं तरी वाटताना त्याचा मजकूर सोबत द्यावाच लागतो.) त्या यादीमुळे कोणत्या ग्राहकाकडे काय आहे, हे तासाभरात सांगता आलं. मग दुरुस्तीचा २.१५.० आला, तो पुरेना म्हणून २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१, सगळे त्याच महिन्यात. चार वेळा गाठोडं बांधलं, चार वेळा वायर काढली, चार वेळा मुलं पेन ड्राइव्ह घेऊन प्रत्येक ग्राहकाकडे गेली. कोणाचीही तक्रार आली नाही.

साहेब आता निवृत्त झालेत. २०२३ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या बाईंचा फोन आला. एका चौकशीसाठी २०१४ सालच्या नोंदी, त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये जशा दिसायच्या तशाच, उघडून दाखवायच्या होत्या. सेंटओएस ६ चा आधार ३० नोव्हेंबर २०२० लाच संपलेला, पायथॉन २ चा त्याही आधी. मी कपाटातून जुनी डिस्क काढली, कोरी मशीन उभी केली, बेरजा जुळवून पाहिल्या आणि गाठोडं सोडलं. एकतीस व्हीलं एकामागून एक चढली. लॉगिनचा तो जुना निळा पडदा आला, खाली कोपऱ्यात भागीदाराने लिहिलेला व्हर्जन नंबर. त्याचा फोटो काढून मी आधी साहेबांना पाठवला, मग बाईंना.