माकडतापाची लस बंद झाली, म्हणूनच बाकीच्या घ्या

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुठेही लशीचा विषय काढा, कुणीतरी हे बोलतंच की माकडतापाची लस आम्हाला एवढी टोचली आणि शेवटी सरकारनेच बंद केली, मग आता ही नवीन कशाला. परवा काकीनेही तेच ऐकवलं. विषय होता तिच्या नातीच्या एचपीव्हीचा, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणाऱ्या व्हायरसवरच्या लशीचा. "तू त्या रिसर्चवाल्यांकडे होतीस ना गो, मग सांग मला, उद्या ही पण बंद झाली तर?" मी काही वर्षं क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे नवीन औषधं-लशी माणसांवर तपासतात तिथली व्यवस्था बघायचं काम केलंय, त्यामुळे घरातली लशीवरची सगळी भांडणं माझ्याकडेच येतात. काकीचा प्रश्न मला आवडला, कारण बहुतेक लोक इतकं नीट विचारतच नाहीत, नुसतं "आमच्यावर प्रयोग करतात" म्हणून सुटतात.

तर आधी माकडताप. खरं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी. 1957 ला कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि मागोमाग माणसं तापाने पडली तेव्हा हा व्हायरस सापडला. पसरतो गोचिडीमुळे. आपल्याकडे 2015 ला पालीत पेशंट निघाले, पुढच्या वर्षी पलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गात, आणि मग दरवर्षी जानेवारी ते मे म्हणजे नेमका काजूचा सीझन आला की सगळ्यांच्या पोटात गोळा. पेशंटपैकी शंभरात तीन ते पाच माणसं जातात, त्यामुळे लोक घाबरले ते उगाच नाही.

लस कर्नाटकातून आली. मेलेला व्हायरस घालून बनवलेली, जुन्या पद्धतीची. एक डोस, महिन्याने दुसरा, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे वर्षाला एकेक. आणि दंड असा ठणकायचा की विचारू नका, पहिला डोस घेतलेली माणसं दुसऱ्या वेळी आरोग्य खात्याची गाडी वळणावर दिसली की काजूत गायब. हसण्यावारी नेतो आपण, पण लशीचं हे एक मोठं दुखणंच होतं, कागदावर चांगली वाटणारी लस माणसांनी पुरती घेतलीच नाही तर उपयोग काय.

नव्वदच्या सुमाराला कर्नाटकात पाहणी झाली होती तेव्हा दोन डोसचा परिणाम 93.5 टक्के निघाला होता. मस्तच की. मग 2005 ते 2010 या काळातले पेशंट घेऊन परत हिशोब केला, 2013 ला तो छापून आला, त्यात दोन डोसवर 62.4 आणि बूस्टरही घेतला असेल तर 82.9. एका डोसचा तर सांगण्यासारखा फायदाच दिसला नाही. म्हणजे दंड दुखतो म्हणून पहिल्यानंतर पळालेल्यांना संरक्षण जवळपास नव्हतंच! त्यानंतरही लस घेतलेली माणसं आजारी पडतच राहिली, आणि 2022 ला कर्नाटकाने ती थांबवली.

आता मला सांगा, ही लस कमी पडते हे शोधलं कुणी? डॉक्टर आणि रिसर्चवाल्यांनीच, स्वतःच्याच देशातल्या सरकारी लशीबद्दल, आणि छापून जाहीर केलं. हेच लोक, हाच हिशोब, दुसऱ्या एखाद्या लशीबद्दल "ही चालते, घ्या" म्हणतो तेव्हा मी ऐकते. जो कधीच नापास करत नाही त्या मास्तरच्या मार्कांना कोण विचारतो.

हा हिशोब कसा होतो ते पण सांगते, कारण टक्क्यांवरून इतका गोंधळ आहे की शिकलेली माणसं सुद्धा "62 टक्के म्हणजे शंभरातल्या 38 जणांना रोग होणारच" असं बोलतात. तसं नसतं. कोवॅक्सिनचं घ्या, तिच्या सुरुवातीच्या ट्रायलला आपल्या गोव्यातल्या धारगळचं रेडकर हॉस्पिटल पण होतं, पहिल्या टप्प्यात देशभरात मिळून 375 जण. तिसऱ्या टप्प्यात जवळजवळ 25,800. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं औषध नसलेलं इंजेक्शन म्हणजे प्लासिबो, आणि कुणाला काय गेलंय ते टोचणाऱ्या सिस्टरलाही माहीत नसतं. मग वाट बघायची. 130 जणांना लक्षणांसकट कोविड झाला तेव्हा कुणाला काय दिलं त्याचं पाकीट उघडलं, तर लसवाल्यांत 24 आणि प्लासिबोवाल्यांत 106. तिथून 77.8 टक्के आलं. म्हणजे लस नसती तर जेवढे पडले असते त्यातले सुमारे तीन चतुर्थांश वाचले. बास, एवढंच असतं ते.

पण एक बोलून घेते. त्या लशीला मंजुरी 3 जानेवारी 2021 ला मिळाली आणि तिसऱ्या टप्प्याचा पहिला आकडा मार्चमध्ये आला. महामारी होती, घाई होती, सगळं मान्य. तरीही आकड्याच्या आधी मंजुरी हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, कारण आम्ही साइटवर माणसांना समजावतो की आधी पुरावा मग लस, आणि वरून उलटं होतं. लोकांचा विश्वास असाच झिजतो.

याहून वाईट उदाहरण एचपीव्हीचंच आहे आणि काकीला मी ते लपवलं नाही. 2009 ला आंध्रात खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला एका प्रकल्पात शाळकरी मुलींना ही लस दिली. सात मुली दगावल्या. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, कुणी बुडालेली, कुणाला साप चावलेला, असं. पण चौकशीत दुसरं जे निघालं ते भयंकर होतं, कित्येक मुलींच्या संमतीच्या फॉर्मवर आईबापांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या. 2010 ला सगळं थांबलं, आणि थांबायलाच हवं होतं. आईबापांना न विचारता पोरीला सुई लावायची, मग ती लस कितीही चांगली असो, हे कुठल्या रिसर्चमध्ये बसतं?

गंमत पुढे आहे. त्याच वेळी देशात दुसरा अभ्यास चालू होता, पुणे आणि आपली बार्शी पण त्यात होती, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघायला. त्याचंही लसीकरण मधेच तुटलं, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. हा अभ्यास चालवणारे डॉ. शंकरनारायणन, डॉ. पार्थ बसू आणि त्यांच्या टीमने या मुलींना सोडलं नाही, दहा वर्षं त्यांच्या मागे राहिले. 2021 ला निकाल आला, एकच डोस घेतलेल्या मुलींमध्ये एचपीव्हीच्या 16 आणि 18 नंबरच्या, म्हणजे कॅन्सर करणाऱ्या प्रकारांच्या, टिकून राहणाऱ्या इन्फेक्शनपासून 95.4 टक्के संरक्षण, तीन डोसवाल्यांत 93.3. म्हणजे एकच जवळपास तेवढाच चालतो! 2022 ला जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं त्यामागे जे पुरावे होते त्यात आपल्या या मुली आहेत. कुणी ठरवून केलं नव्हतं, तुटलेल्या ट्रायलमधून निघालं.

काकीचा पुढचा प्रश्न, इन्फेक्शन राहू दे, कॅन्सर थांबतो का ते सांग. थांबतो. स्वीडनमध्ये साडेसोळा लाखांहून जास्त मुली आणि बायकांच्या नोंदी बघितल्या, 2020 ला आलं ते, सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर 88 टक्क्यांनी कमी. आपल्या देशात 2020 च्या अंदाजाप्रमाणे वर्षाला 1 लाख 23 हजारांहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि 77 हजार मरतात. लस 9 ते 14 या वयात सगळ्यात चांगली, कारण व्हायरस यायच्या आधी द्यायची असते, म्हणून "एवढ्या लहान पोरीला कशाला" याचं उत्तर "लहान आहे म्हणूनच". पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस पण आता आहे. आपल्या पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरला विचारा, नसेल तर मुलांच्या डॉक्टरला.

मधेच एक, कुत्रा चावल्यावर कुणी मला ट्रायलचं विचारायला येत नाही, सरळ धावतात टोचून घ्यायला. आणि रेबीजच्या लशीचा प्लासिबोवाला ट्रायल करताच येत नाही, चावलेल्या माणसाला खोटं इंजेक्शन देणार म्हणजे खूनच की तो. इराणमध्ये पिसाळलेले कुत्रे आणि लांडगे चावलेल्या 45 जणांना नवीन लस दिली, सगळे जगले, 1976 ला छापून आलं, आणि तेवढा पुरावा पुरला. प्रत्येक रोगाला पुरावा मिळवायची वाट वेगळी असते.

आता केएफडीची नवीन लस बनतेय, आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि हैदराबादची एक कंपनी मिळून. तिचा मोठा ट्रायल कधी ना कधी अशाच जंगलकाठच्या गावांत करावा लागणार, कारण रोगच तिथे आहे. सत्तरीत आला तर मी नाव देणार, आणि काकीला पण सांगून ठेवलंय की फॉर्म घरी आणायचा, सगळ्यांनी वाचायचा, त्रास झाला तर खर्च कोण करणार आणि रात्री फोन कुणाला करायचा ते विचारायचं, आणि नको वाटलं तर मधेच सोडायचं, का सोडतोय ते न सांगता सुद्धा सोडता येतं, तो तुमचा हक्क आहे. फॉर्म मराठीत आणि कोंकणीत हवा. आणि ज्या कुणा कोऑर्डिनेटरला हे काम मिळेल तिने कृपा करून सकाळच्या व्हिजिट लावू नयेत, काजूच्या दिवसांत सकाळी इथे कुणी घरी सापडत नाही.